आडवं सूत

बाहेर सेहेचाळीस अंश.
अमरावती रोडचं डांबर चपलेला धरून ठेवतं,
आणि प्रयोगशाळेतल्या कपाटात बारा महिने बावीस.
तिथे उभ्या ताटल्यांत, आगारच्या थरावर
मोहरीच्या नात्यातलं एक किरकोळ रोप
मुळं खाली सोडतं.
केसाएवढी. पांढरी. सरळ.

पाचव्या दिवशी मी त्यांना चिमट्यानं उचललं,
दुसऱ्या ताटलीत निजवलं.
तिच्या आगारात औषध कालवलेलं, स्टॉरोस्पोरिन,
मिठाच्या कणाहूनही कमी.

पेशीत कायनेज नावाचे कारकून असतात.
एटीपी येतो, समोर बसतो, फॉस्फेट काढून देतो,
कारकून तो प्रथिनावर ठशासारखा मारतो, फाइल पुढे.
औषध काहीच मोडत नाही.
फक्त एटीपीच्या खुर्चीत जाऊन बसतं
आणि उठत नाही.
नागपुरात वाढलेल्या माणसाला
हे फार समजावून सांगावं लागत नाही.

तीन दिवसांनी मोजलं.
साधी मुळी एकवीस मिलिमीटर वाढलेली.
औषधातली आठ,
आणि टोकाच्या जरा वर फुगलेली,
घास घशात अडकावा तशी.

तांडापेठेत, घरी, कूलरला वाळ्याच्या ताट्या.
तीही मुळंच, पाणी पिऊन वास देणारी.
त्यांच्यासमोर बाबा बसतात, उघडी पाठ करून.
छत्तीस वर्षं खड्ड्यात पाय सोडून माग चालवला.
आता रात्री जेवणावर एक गोळी, इमॅटिनिब,
मेडिकलच्या कार्डावर नाव:
सोनबाजी धकाते, वय एकसष्ट.
त्यांच्या रक्तात एक कायनेज
ठसे मारतच सुटलंय,
ना जेवणाची सुट्टी, ना रविवार.
गोळी जाऊन त्याच्यासमोरची खुर्ची अडवते.
जवळपास त्या एकाचीच.
माझं औषध आडदांड, दिसेल ती खुर्ची बळकावतं.

सकाळी बाबांच्या पापण्या सुजलेल्या असतात.
डॉक्टर म्हणतात, गोळीनं होतं, चालायचंच.
त्या सुजेचा मुळीच्या सुजेशी काही संबंध नाही.
हे मला नक्की माहीत आहे.
तरी दोन्हींकडे एकाच नजरेनं बघते.

एका रात्री त्यांना फोटो दाखवले.
काळ्यावर हिरवे, चमकते धागे,
पेशीच्या भिंतीला आतून लागलेले.
"हे कोन्तं कापड?"
मी म्हटलं, साध्या मुळीत हे आडवे असतात,
पिंपाच्या कड्यांसारखे,
म्हणून पेशीला रुंद होता येत नाही, ती लांबते, आणि...
ते ऐकत नव्हते.
चष्मा कपाळावर, नाक स्क्रीनला.
औषधवाल्या फोटोवर बोट ठेवलं:

"सूत तुटलं नाही व. मोजून पाह्य, सारं हाये.
बाना दिशा इसरला.
असं कापड पोट काढते."

आठ महिने मी हेच वाक्य लिहीत होते,
चार पानांत, सतरा संदर्भांसह.
सर म्हणतील, "पोट काढते" छापता येत नाही.

कूलरची मोटर घरघरत होती.
बाबांनी लॅपटॉप मिटला, हळू,
जसा मागावरचा धोटा ठेवायचे तसा.
मग, माझ्याकडे न बघता:
"औषीद काढलं, त मंग सरळ होते का ते?"

हे मी करून पाहिलंच नव्हतं.

सकाळी सात मुळं धुऊन
साध्या आगारवर परत ठेवली.
दोन उलटली. पाच उरली.
चौथ्या दिवशी, फुगलेल्या जागेच्या खाली,
बारीक, पांढरं, सरळ टोक.
फुगलेलं मात्र तसंच,
दोन सुतं जोडताना
राहून जाते तशी गाठ.

फोटो काढलेत. नोंद केली आहे.
बाबांना अजून सांगितलं नाही.
ते मुळीबद्दलच विचारत होते की काय,
हे मला त्यांना विचारावं लागेल.
आणि गोळ्यांच्या पाकिटात
अकराच उरल्यात, सोमवारी मेडिकलला जायचंय.